महागूचे दोन डबे

१

महागू रंगारी मंगळवारी सकाळी उकवा गावच्या समाजभवनाच्या छपरावरून घसरून पडला, आणि बुधवार उजाडेपर्यंत तो चोरही ठरला होता. मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून असले निकाल झटपट लागतात.

हकिगत साधी होती. समाजभवनाच्या टिनाच्या छपराला पाण्यात कालवलेला नव्या तऱ्हेचा लेप द्यायचा होता. सोमवारी दिवसभर खपून महागूने पहिला हात दिला. मंगळवारी सकाळी दुसरा हात द्यायला तो वर चढला, चार पावलं चालला आणि त्याचा पाय सरकला. खाली फरशी होती. रात्रभराच्या दवाने वरच्या लेपाचा बुळबुळीत चिखल झाला होता. चांगल्या लेपाचं असं होत नाही, तेव्हा त्यात कुणीतरी काहीतरी मिसळलेलं असणार. त्यातच दोन डबे घेऊन घरी जाणारा महागू रखवालदाराने पाहिला होता. गावाने दोनात दोन मिळवले: अस्सल माल घरी गेला आणि त्याच्या जागी पाणी आलं.

समाजभवन साऱ्या समाजाने पै-पै करून उभारलेलं. तिथली चोरी म्हणजे देवाच्या घरची चोरी. समाजात डोमाजींचा शब्द चालायचा. ते म्हणाले, खरं काय ते कळल्याशिवाय महागूच्या तेरावीला पंगत बसायची नाही. कुणाला वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, पण जेवायला न बसणं हा काही गुन्हा नाही. महागूची बायको मैनाबाई एकटीच मागे राहिली होती. तेरावीला समाज बसला नाही, तर उरलेलं आयुष्य तिने चोराची बायको म्हणून त्याच गल्लीत काढायचं होतं.

सहाव्या दिवशी बालाघाटहून नंदकिशोर मोहरील आले. सरकारी पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ. लेप बनवणारा छोटा कारखाना त्यांच्या पुतणीचा, ईराचा. शिवाय कुठलंही कोडं दिसलं की काकांची बोटं शिवशिवायची. बोलायचीही त्यांना भारी हौस. दिवाळीआधी ईराने गावोगावच्या रंगाऱ्यांचा मेळावा घेतला होता, त्यात काका तासभर बोलले होते. रंगारी पोट धरून हसले, टाळ्या पडल्या, आलुबोंडे संपले, आणि महिनाभर काका घरात त्याच मेळाव्याच्या गोष्टी सांगत होते.

उकव्याला येताना गाडी ईरा चालवत होती. बैहर रस्त्याचा घाट चढताना ती एवढंच म्हणाली, "काका, डब्यावरच्या सूचना मी इंग्रजीत छापल्या. महागूला इंग्रजी कुठून येणार? हिंदीतल्या छापायच्या राहूनच गेल्या." काकांनी तिची समजूत घातली की ज्याचं त्याला कळतं, तू मनाला लावून घेऊ नकोस. लोकांची समजूत घालणं त्यांना चांगलं जमायचं.

समाजभवनाच्या मागच्या भिंतीवर वरून लेपाचे ओघळ उतरले होते. काका तिथे पोचले तेव्हा तीन बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहून ते ओघळ मन लावून चाटत होत्या. काका थबकले. आजवर त्यांनी रंगाचे नाना प्रकार पाहिले होते, पण जनावराला आवडलेला रंग हा पहिलाच होता.

२

ठेकेदार वीरेंद्र लांजीकडचा, पस्तिशीचा, डोळ्याला डोळा न भिडवता बोलणारा. महागूने माल पातळ केला, हे त्याचं पालुपद.

"काकाजी, पानी घातलं त्यानं, और क्या. मी खालून पाहूनच राह्यलो होतो. तीन वाजून गेले तरी अर्धं छप्पर बाकी! विचारलं त म्हने, ब्रश जड चालून राह्यला."

काकांनी ते वाक्य मनात नोंदवून ठेवलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की छपरावर माणूस चढवताना कंबरेला दोर बांधायला दिला होता का. वीरेंद्रचा चेहरा पडला. दोर गाडीत होता म्हणाला. काढायचा कंटाळा केला. पाच-सहा दिवसांत हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. महागूला चोर ठरवण्याची एवढी घाई त्याला का झाली होती, ते तेव्हा उघड झालं. वड्याचं तेल वांग्यावर काढायचा हा प्रकार होता.

रखवालदार सुखराम म्हातारा, शेकोटीजवळ उकिडवा बसलेला. त्याला विचारावंही लागलं नाही. आपल्याच जिभेने हा वणवा लावला, या विचाराने तो आधीच खचला होता. महागू चोर आहे असं आपण म्हणालोच नव्हतो, डबे नेताना पाहिला एवढंच म्हणालो होतो, असं तो परत परत सांगत राहिला. काकांनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं.

"रविवारी संध्याकाळी महागू डबे घेऊन घरी गेला. सोमवारी सकाळी घेऊन आला. येवढंच."

"कसे नेले? दोन हातांत?"

"नाई जी. एकाच हातात दोन्ही. दुसऱ्या हातानं बिडी ओढून राह्यला होता."

"आणि सकाळी आणले तेव्हा?"

सुखराम जरा विचारात पडला. सकाळी दोन्ही हातांत एकेक होता, म्हणाला. झाकणावर फडकं बांधलेलं होतं, आणि दोनदा टेकून त्याने श्वास घेतला. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना डबे गेले तेवढ्यातच रस होता, आले त्यात कुणालाच नव्हता.

काकांनी ईराला बाजूला घेतलं. वीस-वीस लिटरचे दोन भरलेले डबे एका हातात धरून बिडी ओढणारा पहिलवान अजून जन्मायचाय. म्हणजे आधीच्या कुठल्या तरी कामाचे ते डबे रिकामे गेले आणि भरून आले. घरी काहीच गेलं नाही. महागू चोर नव्हता, एवढं इथेच निकालात निघत होतं.

"मग भरून काय आणलं? पाणी?" ईराने विचारलं.

काकांनी आवारातल्या हापशीकडे बोट दाखवलं. पाणीच घालायचं, तर गावाच्या दुसऱ्या टोकाहून दोन डबे वाहून आणायला महागू काही खुळा नव्हता. शिवाय पाणी घातलेला रंग ब्रशला हलका जातो, जड जात नाही. वीरेंद्रची साक्ष वीरेंद्रवरच उलटत होती.

डब्यांत पाणी नव्हतं हे नक्की. पण जे काही होतं, त्यानेच महागूचा जीव घेतला होता. छपराच्या कडेचा लेपाचा पापुद्रा काकांनी चाकूने सोडवून डबीत घातला आणि मैनाबाईला न भेटताच ते परत फिरले. मोकळ्या हाताने त्या बाईपुढे जाऊन काय बोलायचं, हे त्यांना सुचेना.

३

बालाघाटला काकांच्या घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा थाटली गेली. काकू, म्हणजे आशालताबाई, यांच्या फ्रिजमधली कोथिंबीर बाहेर आली आणि तिच्या जागी काचेची पट्टी गेली. त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्त पडलं होतं.

ईराच्या लेपातला एकेक कण डोळ्याला न दिसणारा. आत मऊ प्लास्टिकचा गाभा आणि बाहेर अतिबारीक कडक दाण्यांचं कवच. तिळात घोळवलेली गुळाची गोळी म्हणा. असे अब्जावधी कण पाण्यात एकमेकांपासून फटकून असतात, कारण सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो. पाणी उडून गेलं की मात्र त्यांना जवळ यावंच लागतं. मऊ गाभे एकमेकांवर दबून चपटे होतात, आणि मधले कडक दाणे मधमाशीच्या पोळ्यासारखी सलग जाळी धरतात. गाभ्यांमुळे पडदा वाकतो, जाळीमुळे तो फाटत नाही. कण सुटे सुटे, शिस्तीने येऊन बसले तरच ही जाळी होते. वाटेत त्यांचे घोळके झाले, तर सगळं मुसळ केरात.

कारखान्यात दर घाण्याची, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाची, एक बाटली मोहोरबंद करून ठेवायची ईराची पद्धत होती. त्याच घाण्याच्या बाटलीतून तीन पट्ट्या झाल्या. पहिलीवर लेप जसाच्या तसा. दुसरीवर पाणी घालून पातळ केलेला. तिसरी फ्रिजमध्ये, कारण उकव्याची थंडी कुणाच्या ध्यानात नव्हती तरी काकांच्या होती.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. पहिल्या पट्टीवर काचेसारखा स्वच्छ पडदा आला. सोलून दुमडला, ताणला, तासभर पाण्यात बुडवला, तरी तो ढिम्म. ईराच्या मालात खोट नव्हती. लालबर्ऱ्याच्या एका राइस मिलच्या शेडला हाच घाणा लागला होता आणि तिथून तक्रार नव्हती, तेही जुळलं. पाणी घातलेला पडदा पातळ निघाला, पण होता स्वच्छच. पाणी काय, येतं आणि उडून जातं. जाळी विणली जातेच. थंडीतल्या पट्टीवर पडदा झालाच नाही. गारठ्यात गाभे कडकच राहिले, एकमेकांत रुतले नाहीत. तळ्याच्या कोरड्या पात्रासारखा तडकून त्याचा पांढरा भुगा झाला.

छपराचा पापुद्रा या तिघांपैकी कुणाचाच भाऊ नव्हता. तो जाड होता, चिवट नव्हता, गुठळ्यांनी भरलेला होता, आणि पाण्यात टाकताच फुगून बुळबुळीत होत होता. शिवाय सोमवारी दुपारी टिन उन्हाने तापलेलं होतं. संध्याकाळी हात लावला तेव्हा लेप वाळलेला होता, असं सुखराम सांगत होता. म्हणजे थंडीचं कारणही बाद झालं.

"म्हणजे कण पाण्यात असतानाच त्यांचे घोळके झाले," ईरा म्हणाली. "पण कशाने?"

काका ओट्याला टेकून उभे राहिले. बकरी भिंत कशासाठी चाटते? एक तर मिठासाठी, नाहीतर दाण्यासाठी. त्यांनी पापुद्र्याचा तुकडा जिभेला लावला. आशालताबाईंनी कपाळावर हात मारला. लेप खारट होता.

मग औषधाच्या डब्यातून टिंक्चर आयोडीनची बाटली निघाली. पहिल्या पट्टीवर एक थेंब पडला, तो तांबडाच राहिला. पापुद्र्यावर दुसरा पडला आणि बघता बघता निळाकाळा झाला. शाळेतल्या पोरालाही कळावं, इतकं ते साफ होतं. लेपात स्टार्च होता.

"काका, छपरावर भात कुठून आला?"

काका हसले. या धानाच्या मुलुखात चुना कालवताना त्यात भाताची पेज घालतात आणि मूठभर मीठ टाकतात. मग भिंतीला टेकलं तरी चुना सदऱ्याला लागत नाही. बापजाद्यांची रीत. महागूने डब्यांत पेज आणली होती. चुन्याला जी पेज पकड देते, तिने इथे घात केला. मिठाने कणांचं फटकून राहणं संपवलं, लिंबाने दूध फाटावं तसा लेप फाटला. पेजेने घोळके चिकटवले, म्हणून ब्रश जड झाला. जाळी विणलीच गेली नाही, आणि रात्रीच्या दवाने आतली पेज फुगली.

कोडं सुटलं होतं. चोर नव्हताच, एका साध्या रंगाऱ्याचं अज्ञान होतं. काका त्या दिवशी पोटभर जेवले. मैनाबाईला ही बातमी स्वतः जाऊन द्यायची, असं त्यांनी ठरवलं. तिला केवढं हलकं वाटेल, या विचाराने त्यांना जरा सुखच वाटत होतं.

४

मैनाबाई दाराशी भिंतीला पाठ लावून बसली होती. बाराव्या दिवसाचं करायला आलेली शेजारची गोदाबाई आत भांडी आवरत होती. काकांनी सगळं समजावून सांगितलं. रिकामे डबे, हापशी, जड ब्रश, आयोडीन. महागू चोर नव्हता, हे आपण उद्या भर पंगतीत सांगू, असंही म्हणाले.

मैनाबाईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"म्हंजे पेजेनंच झालं का, साहेब?"

"पेजेने आणि मिठाने."

"मीठ मी टाकलं," मैनाबाई म्हणाली. "पाच घरची पेज मागून आनली. म्हैशीले पाह्यजे म्हनून सांगतलं. मंग मीठ टाकलं, रातभर आंबू नये म्हनून. दोन मुठी."

अकरा-बारा दिवस ती हे उराशी धरून बसली होती. लोक तिच्या नवऱ्याला चोर म्हणत होते आणि ती गप्प होती, कारण डब्यांत काय होतं हे सांगितलं असतं तर चोरी पुसली गेली असती, पण त्याला आपण मारलं हे आपल्याच तोंडाने म्हणावं लागलं असतं. ते शब्द काही केल्या तिच्या तोंडातून निघेनात. आपल्याकडे बघून बकऱ्या काही सांगतात की काय, असं तिला वाटायचं, म्हणून त्या भिंतीकडे जाणं तिने सोडलं होतं.

काकांना तिची कीव आली. ते म्हणाले, यात तुमचा काय दोष, तुम्हाला काय ठाऊक. आणि मग, तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून, एक गोष्ट खरंच कळत नव्हती ती त्यांनी विचारली. महागू तीस वर्षं मुरलेला रंगारी. नव्या मालाला तो आपल्या मनाने जुनी रीत कशी लावेल? असा माणूस आधी कुणाला तरी विचारेल.

"विचारलं ना त्यानं," मैनाबाई म्हणाली. "मी त त्याले म्हनलं होतं, नवी चीज हाये, नको टाकू. त म्हने, मी विचारून आलो."

"कुठे विचारलं?"

"मेळाव्यात. बालाघाटले."

काकांना का कोण जाणे, तहान लागली. त्यांनी पाणी मागितलं नाही.

"कुणाला विचारलं, मैनाबाई?"

तिने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमाले, साहेब."

५

त्या क्षणी त्यांना माणूस आठवला नाही. आठवलं ते हसू. मागच्या रांगेतून कुणीतरी उठून विचारलं होतं, साहेब, यात पेज टाकली त चालन का? काका रंगात आले होते. आपल्या बापजाद्यांचा चुना पेजेवर पन्नास पन्नास वर्षं टिकला, असं काहीतरी ते नुकतंच बोलून गेले होते. ते म्हणाले होते, "घाल की बापा! पेजेने आजवर कुणाचं वाईट झालंय?" सगळे हसले होते. टाळ्या पडल्या होत्या. ईरा तेव्हा बाहेर चहाचं बघत होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, एवढाच तो प्रकार, आणि ज्याने विचारलं त्याचा चेहरा पाहायचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते.

"मग हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"कोन मानलं असतं? मोठ्या मानसाचं नाव घेऊन आपला दोष झाकून राह्यली, असंच म्हनले असते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर त्यांनी ईराला सगळं सांगितलं. ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "काका, महागू चोर नव्हता, पेज घातल्याने घात झाला, एवढं सांगितलं तरी ते खरंच आहे. पंगत बसेल. पुढचं कुणी विचारणार नाही." ती काकांना वाचवायला बघत होती, कारखान्यालाही, आणि तिला त्याची लाज वाटत होती.

काका घरी जेवले नाहीत. आशालताबाईंनी कारण विचारलं, तर पोट ठीक नाही म्हणाले. अर्धं खरं बोलायचं हे त्यांच्या मनाने घाट उतरतानाच ठरवलं होतं, आणि म्हणूनच त्यांना स्वतःची शिसारी येत होती. बाई बोलणार नाही, याची त्यांना खात्री होती. त्याच खात्रीवर ते टेकून उभे होते.

तेरावीला महागूच्या अंगणात माणसं जमली, पण पत्रावळी मांडल्या गेल्या नव्हत्या. पुरुष एका बाजूला उभे, बाया दुसऱ्या बाजूला. चुलीवर भात तयार होता. डोमाजी खाटेवर काठी धरून बसले होते. त्यांनी काकांना बोलायला सांगितलं.

काका बोलले. डब्यांचं सांगितलं, ब्रशाचं सांगितलं. पाणी घातलं असतं तर लेप कसा झाला असता, थंडीने कसा झाला असता, आणि प्रत्यक्षात कसा होता, ते सांगितलं. आयोडीनचा थेंब तिथल्या तिथे टाकून दाखवला. महागूने तोळाभर मालही नेला नाही, असं म्हणून ते थांबले. सुखराम तोंडात उपरणं कोंबून रडायला लागला. वीरेंद्र पुढे येऊन सगळ्यांसमोर म्हणाला की दोर मी दिला नाही, ती चूक माझी. गर्दीतला ताण सैल झाला.

डोमाजींनी मान डोलावली. "म्हंजे चोर नाई. आपल्याच अडानीपनानं गेला बिचारा."

"अन् पेज कोनं करून देल्ली?" बायांमधून गोदाबाई म्हणाली. कालचं बोलणं तिने आतून ऐकलं होतं. "मैनानंच. दोन मुठी मीठ टाकलं म्हने तिनं. लहान लेकरू बी सांगन, नव्या मालात कोनी मीठ टाकते का?"

सगळ्या माना मैनाबाईकडे वळल्या. ती चुलीपाशी उभी होती. तिने नाही म्हटलं नाही. काकांकडे पाहिलंही नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, आणि आता हेच आपलं उरलेलं आयुष्य, अशी ती उभी राहिली. एक नाव पुसून समाज दुसरं नाव लिहीत होता, आणि ते काकांच्या डोळ्यांदेखत घडत होतं.

काकांना वाटलं होतं की अर्धं खरं बोललं की उरलेलं अर्धं नुसतंच पडून राहतं. तसं नसतं. ते कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतं.

"थांबा," ते म्हणाले. "माझं पुरतं बोलून झालेलं नाही."

वळलेल्या माना परत त्यांच्याकडे फिरल्या.

"महागू अडाणी नव्हता. त्याने विचारलं होतं. मेळाव्यात, शंभर माणसांसमोर उभं राहून विचारलं होतं, पेज चालेल का. मी म्हणालो, घाल. हसत म्हणालो. त्याने माझं ऐकलं. या बाईने त्याचं ऐकलं. मैनाबाई त्याला नको म्हणत होत्या. हे दोघंही बरोबर वागले. चुकलो मी. तो माझ्यामुळे गेला."

ईरा फाटकाजवळ उभी होती. तिने डोळे मिटून घेतले. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. डोमाजींनी काठी खाटेला टेकवली. मग ते उठले, अंगणाच्या मधोमध जाऊन स्वतःच्या हाताने पहिली पत्रावळ मांडली आणि तिच्यापुढे मांडी घालून बसले.

"बसा रे," ते म्हणाले. "महागूच्या घरी जेवाचं हाये."

पंगत बसली. दोन्ही रांगा भरल्या, वीरेंद्र बसला, सुखराम बसला. काकांना कुणी बस म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही. ते कडेला उभेच राहिले. मैनाबाई भाताचं घमेलं घेऊन वाढायला निघाली. एका रांगेचं वाढून झाल्यावर ती त्यांच्यासमोर थांबली. काकांचे हात आपोआप जोडले गेले.

"माफी नका मागू, साहेब," ती हळू म्हणाली. "मले देता नाई येनार. एक सांगा फक्त. त्यानं विचारलं तवा, तुमाले ठावं होतं का, पेजेनं काय होते थे?"

सत्तरी गाठत आलेल्या नंदकिशोर मोहरीलांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

मैनाबाईने मान हलवली.

"मंग तेच सांगाचं होतं ना त्याले," ती म्हणाली, आणि दुसऱ्या रांगेला भात वाढायला पुढे गेली.